परकं सैन्य मदतीला आलंय की ताबा घेऊन बसलंय, आणि शांतता चळवळ कुठे अडते: इराकवरून सांगते

प्रश्न असा आलाय: "एखाद्या देशात बाहेरचं सैन्य जाऊन बसतं तेव्हा ते मदतीला गेलंय की ताबा घेऊन बसलंय हे आपण इथे लांब बसून कसं ठरवायचं? आणि २००३ ला जगभर एवढे मोर्चे निघाले तरी इराक युद्ध थांबलं नाहीच, मग शांतता चळवळीचा उपयोग काय?"

दोन्ही एकत्र विचारलंत ते बरं केलंत, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं की चळवळ हमखास चुकीच्या ठिकाणी जोर लावते, हे मी स्वतः बघितलंय. मी सोळा वर्षं न्यू जर्सीत एडिसनला होते. त्यातली जवळजवळ नऊ वर्षं सैनिकांना आणि त्यांच्या घरच्यांना फोनवर सल्ला देणाऱ्या एका हेल्पलाइनवर आठवड्यातल्या दोन संध्याकाळी बसायचे. मी वकील नाही, पण सैन्याचे नियम, कॉन्ट्रॅक्ट, रजा, बदली, नकार हे सगळं शिकून घेतलं होतं. त्यामुळे मी इराकवरूनच बोलते, जे माहीत आहे त्यावरून.

आधी 'ताबा' या शब्दाचं बघू. कायद्यात व्याख्या अगदी साधी आहे. १९०७ च्या हेग नियमांप्रमाणे एखादा प्रदेश शत्रूच्या सैन्याच्या प्रत्यक्ष अंमलाखाली आला की तो ताब्यातला प्रदेश. तुम्ही कशासाठी गेलात, हेतू चांगला होता का, लोकांनी फुलं टाकली का, हे तिथे कुणी विचारतच नाही. आणि ताबा म्हटला की जबाबदाऱ्या येतात, म्हणजे सुव्यवस्था राखायची, अगदीच अशक्य नसेल तर तिथलेच कायदे चालू ठेवायचे, आणि १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराप्रमाणे लोकांचं अन्नपाणी, दवाखाने बघायचे. इराकमध्ये तर वादच नव्हता. २२ मे २००३ च्या सुरक्षा परिषदेच्या १४८३ क्रमांकाच्या ठरावात अमेरिका आणि ब्रिटनचा उल्लेख ताबा घेतलेल्या सत्ता असाच आहे.

घोळ झाला तो पुढे. २८ जून २००४ ला, ठरलेल्या तारखेच्या दोन दिवस आधीच, बगदादमध्ये एका छोट्याशा कार्यक्रमात सार्वभौमत्व इराकी सरकारला परत दिल्याचं जाहीर झालं आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडच्या टीव्हीवर 'ऑक्युपेशन' हा शब्दच येईनासा झाला. सव्वा लाखाच्या वर अमेरिकन सैनिक तिथेच, तळ तिथेच, चेकपोस्ट तिथेच, फक्त शब्द गेला. आमच्यातल्या बऱ्याच चांगल्या लोकांनासुद्धा वाटलं की चला, आता तिथल्या लोकांचं सरकार आलं, आपलं काम हलकं झालं.

माझी पद्धत साधी आहे. घर कुणाचं हे दारावरच्या पाटीवरून कळत नाही, किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला आहे त्यावरून कळतं. देशाचंही तसंच बघायचं: कायदा कोण करतं, पैसा कोण खर्च करतं, बंदूक कुणाच्या हुकमानं चालते, तुरुंगात कुणाला टाकायचं हे कोण ठरवतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या बाहेरच्या सैनिकानं गुन्हा केला तर त्याला कुठल्या कोर्टात उभं करता येतं.

कायद्याची किल्ली बघा. इराकचा कारभार चालवायला अमेरिकेनं नेमलेले पॉल ब्रेमर मे २००३ च्या मध्यात बगदादला आले आणि वर्षभरात त्यांच्या सहीनं शंभर हुकूम निघाले. पहिल्या हुकमानं सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षातल्या वरच्या लोकांना नोकऱ्यांतून काढलं, त्यात शिक्षक, डॉक्टर, इंजिनिअर असे कितीतरी आले जे केवळ नोकरी टिकावी म्हणून पक्षात गेले होते. २३ मे च्या दुसऱ्या हुकमानं अख्खं सैन्य बरखास्त केलं. हत्यार चालवता येणारी, घरी बायकापोरं असलेली लाखो माणसं एका कागदानं बेकार झाली. भत्ता जाहीर झाला तो नंतर, त्यांनी रस्त्यावर येऊन निदर्शनं केल्यावर. सप्टेंबरमध्ये एकोणचाळिसावा हुकूम आला, तेल वगैरे खनिजं सोडून बाकी बहुतेक धंद्यांत परदेशी कंपनीला शंभर टक्के मालकी. आणि याच्या शेजारी ही एक गोष्ट ठेवा जी फार कमी लोकांना माहितेय: सद्दामनं १९८७ मध्ये कायदा केला होता की सरकारी उद्योगांतल्या कामगारांना युनियन करता येणार नाही. इराकमध्ये मोठे उद्योग जवळजवळ सगळे सरकारी, म्हणजे व्यवहारात युनियनबंदीच. हुकूमशहाचे कायदे उखडायला आलेल्या प्रशासनानं तो कायदा तसाच ठेवला. कुठला कायदा काढला आणि कुठला ठेवला एवढं जरी शेजारी शेजारी मांडलं तरी निम्मं चित्र दिसतं.

पैशाची किल्ली तर माझ्या घरापासून अर्ध्या तासावर होती आणि मला पत्ता नव्हता. न्यू जर्सीत ईस्ट रदरफर्ड म्हणून गाव आहे, फुटबॉलचं मोठं स्टेडियम आहे तिथलं. तिथे फेडरल रिझर्व्हचं नोटांचं केंद्र आहे. मे २००३ ते जून २००४ या काळात तिथून ट्रकांनी नोटा विमानतळावर आणि तिथून लष्करी विमानांनी बगदादला गेल्या, सुमारे १,२०० कोटी डॉलर रोख, वजन ३६३ टन. हे आकडे २००७ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढच्या सुनावणीत आले. आणि हा पैसा अमेरिकेचा नव्हता हो, इराकच्याच तेलाचा आणि गोठवलेल्या खात्यांचा होता. त्याआधी जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेच्याच खास महालेखापरीक्षकांनी लिहून ठेवलं होतं की इराकी निधीतल्या ८८० कोटी डॉलरचा हिशेब नीट ठेवला गेलेला नाही. मी त्या रस्त्यानं कितीतरी वेळा गेले असेन, गाडीत मुलांची स्विमिंगची बॅग आणि डोक्यात शनिवारच्या निदर्शनाचे बोर्ड, आणि बाजूनं कदाचित तोच ट्रक. ती सुनावणी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुरुंगाचं सगळ्यांना माहितेय, अबू घरेबच्या तुरुंगात अमेरिकन शिपायांनी केलेल्या कैद्यांच्या छळाचे फोटो एप्रिल २००४ मध्ये बाहेर आले. पण फोटोंमुळे लोकांना वाटलं की काही विकृत शिपायांनी केलेला प्रकार, दोषींना शिक्षा झाली की संपलं. खरा प्रश्न फोटोंच्या मागचा होता. २००७ च्या शेवटी शेवटी अमेरिकेच्या ताब्यात पंचवीस हजारांच्या आसपास इराकी होते, बहुतेकांवर कुठला खटलाच नाही, आणि घरच्यांना कळायचंच नाही की पोरगा नेमका कुठल्या छावणीत आहे. सार्वभौमत्व परत मिळून तीन वर्षं झाली होती तेव्हा.

आणि कोर्टाची किल्ली. ब्रेमर यांचा सतरावा हुकूम, ज्यानं परदेशी सैनिकांना आणि कंत्राटदारांना इराकी कायद्यापासून संरक्षण दिलं, तो २७ जून २००४ ला नव्यानं सही होऊन पुढे चालू राहिला. तारीख बघा, सार्वभौमत्व द्यायच्या आदल्या दिवशी. मग १६ सप्टेंबर २००७ ला बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या खासगी अमेरिकन सुरक्षा कंपनीच्या रक्षकांनी भर ट्रॅफिकमध्ये गोळीबार केला आणि सतरा इराकी माणसं मेली, त्यात लहान मुलं होती. इराकचे पंतप्रधान संतापून बोलले, चौकशी केली, पण त्या माणसांना इराकी न्यायाधीशापुढे उभं करता आलं नाही. स्वतःच्या राजधानीच्या चौकात स्वतःची माणसं मेली आणि खटला भरता येत नाही, त्याला सार्वभौमत्व कसं म्हणायचं ते मला अजूनही कळलेलं नाही.

आता सैन्याचे स्वतःचे आकडे. त्यांच्याकडून नेहमी येतं ते असं: हल्ले इतके कमी झाले, इतके पोलीस तयार केले, इतक्या शाळा रंगवल्या. हे सगळंच खोटं असतं असं समजू नका, ती चूक आम्ही केली. २००७ मध्ये ज्याला 'सर्ज' म्हणायचे त्यात तीसेक हजार जादा सैनिक पाठवले आणि त्या वर्षाच्या शेवटापासून हिंसाचार खरोखर खाली आला. आमच्या बैठकांत पहिले काही महिने लोक म्हणायचे की आकडे बनवलेत, आणि ज्यांची मुलं तिथे होती त्या आया आमच्याकडे बघायच्या, कारण त्यांना फोनवर मुलंच सांगत होती की आता जरा शांत आहे. तिथे आमचा विश्वास गेला. आम्ही सांगायला हवं होतं ते हे, की हो, कमी झालाय, आणि का कमी झालाय ते बघा. अमेरिकन सैन्यानं सुन्नी टोळ्यांतल्या माणसांना महिन्याला तीनशे डॉलरच्या आसपास देऊन आपल्या बाजूला घेतलं, शिया धर्मगुरू मुक्तदा अल सद्र यांनी ऑगस्ट २००७ मध्ये आपल्या फौजेला थांबायला सांगितलं, आणि बगदादमधल्या मिसळलेल्या वस्त्या तोपर्यंत रिकाम्या करून झाल्या होत्या, शिया एकीकडे सुन्नी एकीकडे आणि मध्ये काँक्रिटच्या उंच भिंती. मारायला शेजारीच उरला नाही की खून कमी होतात. त्या काळात वीस लाखांच्या आसपास लोक देश सोडून गेलेले आणि साधारण तितकेच देशातल्या देशात विस्थापित होते.

मला विचाराल तर आकडा एकच बघायचा, घरात वीज किती तास आहे. युद्धाआधी सद्दाम बाकीच्या देशाची वीज तोडून बगदादला द्यायचा, म्हणजे अन्याय होताच, पण २००३ नंतर बगदादची वीज काही तासांवर आली आणि वर्षानुवर्षं तशीच राहिली. गल्लीगल्लीत खासगी जनरेटर, प्रत्येक घराला किती अँपिअर पाहिजे त्याप्रमाणे महिन्याचे पैसे. ४५-४८ डिग्रीत. २०१० च्या जूनमध्ये दक्षिणेतल्या बसरा शहरात विजेसाठी लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला आणि वीजमंत्र्यांनी राजीनामा दिला. जनरेटरवाल्याला पैसे मोजणाऱ्या बाईला तुम्ही 'परिस्थिती सुधारतेय' असं सांगू शकत नाही.

थोडं मागे जाते, कारण यात आपलाही धागा आहे. मार्च १९१७ मध्ये ब्रिटिशांनी बगदाद घेतलं तेव्हा जनरल मॉड यांच्या जाहीरनाम्यात म्हटलं होतं की आम्ही जिंकायला नाही, मुक्त करायला आलोय. त्याआधी त्या मोहिमेत पुढे घुसलेली डिव्हिजन कुठली, तर सहावी पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. टायग्रिस नदीच्या काठी कूत गावात वेढा पडला, उपासमार झाली, आणि २९ एप्रिल १९१६ ला तेरा हजारांच्या आसपास माणसं शरण गेली, त्यातली कितीतरी कैदेत संपली. माझ्या आजोळी सातारा जिल्ह्यात चावडीच्या भिंतीत संगमरवराची पाटी आहे, गावातून महायुद्धाला गेलेली माणसं इतकी आणि न आलेली इतकी, फक्त आकडे, नावं नाहीत. लहानपणी मला वाटायचं की ते महायुद्ध म्हणजे फ्रान्समधलं. मुक्तीच्या त्या जाहीरनाम्यानंतर तीनच वर्षांनी, १९२० ला, इराकी लोकांनी ब्रिटिशांविरुद्ध मोठा उठाव केला आणि तो चिरडायला पुन्हा हिंदुस्थानातूनच पलटणी गेल्या. म्हणून सांगते, 'आपला काय संबंध' हे इराकच्या बाबतीत मराठी माणसानं तरी म्हणू नये. आणि आपण फक्त दुसऱ्याच्या हुकमानं गेलो असंही नाही. १९८७ ते १९९० भारताची शांतिसेना श्रीलंकेत होती, अकराशेच्या वर जवान गेले, आणि ज्या तमिळ लोकांच्या रक्षणासाठी गेलो त्यांच्यातलेच कितीतरी लोक आपलं सैन्य कधी जातंय म्हणून वाट बघत होते.

आता चळवळीचं. १५ फेब्रुवारी २००३ ला मी न्यूयॉर्कला होते. कडाक्याची थंडी. मोर्च्याला परवानगी नाकारली होती, फक्त युनायटेड नेशन्सजवळ फर्स्ट ॲव्हेन्यूवर उभ्यानं सभा. पोलिसांनी बाजूच्या गल्ल्यांना कठडे लावले होते त्यामुळे हजारो लोक स्टेजपर्यंत पोचलेच नाहीत, मी त्यातलीच, दोन ॲव्हेन्यू अलीकडे अडकले. माझ्या शेजारी ऐंशीच्या घरातली एक बाई फोल्डिंग खुर्ची घेऊन आली होती आणि तिच्या थर्मासमधली कॉफी आम्ही सहा अनोळखी लोक झाकणातून पीत होतो. त्या दिवशी जगभरात सहाशेच्या वर शहरांत लोक उतरले, लंडनला दहा लाखांच्या आसपास, रोमला त्याहून कितीतरी जास्त. आणि पाच आठवड्यांत बॉम्ब पडायला लागले.

मग उपयोग काय झाला? झाला, पण जिथे आमचे कॅमेरे नव्हते तिथे. १ मार्च २००३ ला तुर्कस्तानच्या संसदेत अमेरिकन सैन्याला वाट द्यायचा ठराव आला. बाहेर अंकारात प्रचंड मोर्चा. बाजूनं २६४, विरोधात २५०, तटस्थ १९, आणि लागणाऱ्या बहुमताला तीन मतं कमी पडली. उत्तरेकडून घुसायची योजना रद्द करून जहाजं लांबच्या वाटेनं कुवेतला न्यावी लागली. आणि आपल्याकडे, वाजपेयी सरकारवर एक डिव्हिजन पाठवा म्हणून अमेरिकेचा दबाव होता, १५-२० हजार जवानांची गोष्ट चालली होती, सरकारातही दोन मतं होती, आणि १४ जुलै २००३ ला निर्णय झाला की संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय भारतीय सैन्य जाणार नाही. त्याआधी एप्रिलमध्ये संसदेनं युद्धाची निंदा करणारा ठराव केला होता. ते जवान गेले असते तर पुढच्या चार वर्षांत किती पाट्या लागल्या असत्या याचा विचार करा. चळवळीचं असं यश दिसत नाही, कारण जे झालंच नाही त्याचा फोटो निघत नाही.

पण अडचणी होत्या आणि त्या मी झाकणार नाही. सगळ्यात मोठी ही की आमची सगळी ताकद युद्ध 'होऊ नये' यासाठी बांधलेली होती. त्याला एक तारीख असते, एक मागणी असते, सगळे एका घोषणेत मावतात. युद्ध झालं, सैन्य बसलं, आता रोजचं काम. आणि रोज लोक विचारतात, "उद्या सैन्य निघालं तर तिथे यादवी होईल त्याचं काय?" हा प्रश्न विचारणारा प्रत्येक माणूस युद्धखोर नसतो, माझ्या नवऱ्यानंच मला जेवणाच्या टेबलावर विचारला होता. आमच्याकडे एकच उत्तर असायचं, सैन्य परत आणा. ते बरोबर होतं तरी अपुरं होतं. नीट उत्तर द्यायला इराकमधलं कोण काय म्हणतंय हे माहीत हवं होतं, आणि खरं सांगते, २००३-०४ मध्ये आमच्यातल्या बहुतेकांना एकाही इराकी संघटनेचं नाव सांगता आलं नसतं.

याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. जानेवारी २००४ मध्ये मी सुट्टी काढून मुंबईला वर्ल्ड सोशल फोरमला, म्हणजे जगभरच्या चळवळींच्या मेळाव्याला आले, गोरेगावच्या नेस्को मैदानावर, १६ ते २१ जानेवारी. धूळ, ढोल, पन्नास भाषांतले बॅनर, वडापावच्या गाड्यांसमोर ब्राझीलचे लोक. तिथे युद्धविरोधी बैठकांत आम्ही तासन् तास बसून २० मार्चच्या जागतिक निदर्शनाची आखणी करत होतो. त्याच दिवसांत, १९ जानेवारीला, बगदादच्या रस्त्यावर एक लाखाच्या आसपास लोक उतरले होते, त्याच्या चार दिवस आधी बसऱ्यात. मागणी काय, तर आम्हाला थेट मतदान करू द्या. इराकी शियांचे सगळ्यात मोठे धर्मगुरू अयातुल्ला सिस्तानी आदल्या जूनपासून हेच म्हणत होते की राज्यघटना लिहिणारे लोक निवडून आलेले पाहिजेत, आणि अमेरिकन प्रशासनाची योजना मात्र वेचक लोकांच्या सभा भरवून सरकार निवडायची होती. ताबा झुगारणारा, शांततेचा, लाख माणसांचा मोर्चा! आणि मी ज्या बैठकीत होते तिथे त्याचा उल्लेखही झाला नाही. मला तो दोन दिवसांनी पेपरात दिसला. पुढच्या जानेवारीत निवडणूक झाली ती त्या लोकांनी रेटली म्हणून झाली, आणि अमेरिकेत श्रेय घेतलं व्हाइट हाउसनं, कारण आम्ही ती गोष्ट कुणाला सांगितलीच नव्हती.

दुसरी अडचण 'प्रतिकारा'ची. फलुजामध्ये २८ एप्रिल २००३ ला अमेरिकन सैनिकांनी तळ टाकलेली शाळा रिकामी करा म्हणून जमलेल्या जमावावर त्यांनी गोळ्या झाडल्या, गावातल्या लोकांच्या म्हणण्याप्रमाणे सतरा मेले, तिथून त्या शहराचा राग सुरू झाला, हे समजून घेण्यासारखं आहे. पण ऑगस्टमध्ये बगदादमधलं संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय उडवलं, तिथले संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा डी मेलोंसह २२ जण मेले, मग बाजारांत, मशिदींत, भरती होणाऱ्या पोरांच्या रांगेत स्फोट. आमच्यातले काही जण या सगळ्याला एकच नाव द्यायचे, प्रतिकार. मी त्याला कायम विरोध केला. भाजी घ्यायला आलेल्या शिया बाईला मारणं हा ताब्याला विरोध नाही. यावरून आणि इतर मुद्द्यांवरून भांडणं इतकी झाली की २००५ च्या डिसेंबरात यूएफपीजे आणि ॲन्सर या अमेरिकेतल्या दोन मोठ्या युद्धविरोधी आघाड्यांनी एकत्र काम करणं थांबवलं.

वाट दाखवली ती बसऱ्याच्या तेल कामगारांनी. त्यांची युनियन त्याच १९८७ च्या कायद्याप्रमाणे बेकायदा, तरी चालू. त्यांचे नेते हसन जुमा अवाद आणि इतर इराकी कामगार नेते जून २००५ मध्ये अमेरिकेत आले, युद्धविरोधी अमेरिकन युनियन्सच्या बोलावण्यावरून, आणि शहराशहरांत बोलले. सद्दाम नको होता, ताबा नको आहे, सामान्य माणसांना मारणारे नकोत, आणि तेल परदेशी कंपन्यांच्या हातात जायला नको. एका दमात चार गोष्टी, आणि चारही खऱ्या. आमचं दोन वर्षांचं भांडण त्यांनी चार वाक्यांत मिटवलं. पुढे जून २००७ मध्ये त्यांनी संप केला तेव्हा परदेशी कंपन्यांना तेलात वाव देणाऱ्या प्रस्तावित कायद्याविरुद्धची मागणी त्यात होती, सरकारनं सैन्य आणून उभं केलं तरी ते हटले नाहीत, आणि तो तेल कायदा संसदेत मंजूर झालाच नाही.

तिसरी अडचण घरची. अमेरिकेत सक्तीची भरती नव्हती. युद्धाचा भार एक टक्क्याहून कमी लोकांवर, खर्च उधारीवर, शवपेट्यांचे फोटो काढायला बंदी. बाकीच्यांचं आयुष्य जसंच्या तसं. आमच्या निदर्शनाला प्रोफेसर, चर्चमधली मंडळी, निवृत्त शिक्षिका, आणि ज्यांची मुलं सैन्यात ते लोक दुसऱ्याच गावात. हेल्पलाइनवर मात्र तेच लोक भेटायचे. एका पोराचं चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट संपायला सहा आठवडे होते, आईनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज एक चौकोन खोडला होता, आणि 'स्टॉप लॉस' लागला. म्हणजे करार संपला तरी सोडायचं नाही, युनिट जाणार म्हणून तूही जाणार. ती बाई मला फोनवर विचारत होती, "सही तर चार वर्षांची होती ना?" होती. पण खालच्या बारीक अक्षरांत सगळं होतं. दुसरा एक विचारायचा की मला हे युद्ध अन्यायाचं वाटतं, मी नकार देऊ शकतो का. तर नियम असा की सद्सद्विवेकानं नकार द्यायचा तर सगळ्याच युद्धांना विरोध पाहिजे, हेच युद्ध चुकीचं म्हणून चालत नाही. एकवीस वर्षांच्या पोराला हे सांगताना माझा आवाज दाटून यायचा. असे नकार देऊन तुरुंगात गेलेले होते, कॅमिलो मेहीया २००४-०५ मध्ये जवळजवळ नऊ महिने आत होता.

चळवळीत खरा जोर आला तो या लोकांमुळे. ऑगस्ट २००५ मध्ये सिंडी शीहान, जिचा सैनिक मुलगा केसी बगदादच्या सद्र सिटी भागात मारला गेला होता, बुश यांच्या टेक्सासमधल्या शेतघराबाहेर जाऊन बसली, आणि लाखालाखाच्या मोर्च्यांनी जे झालं नव्हतं ते एका खुर्चीनं झालं. इराकहून परतलेल्या सैनिकांनी २००४ मध्ये स्वतःची संघटना काढली आणि मार्च २००८ मध्ये मेरीलँडला चार दिवस बसून आपण काय बघितलं, काय केलं, त्याच्या साक्षी दिल्या. या लोकांना देशद्रोही म्हणणं कुणालाच सोपं नव्हतं.

आपल्या लोकांबद्दल विचाराल तर, आमच्या मराठी मंडळींत कुणी युद्धाच्या बाजूनं फारसं नव्हतं, पण भीती होती. ९/११ नंतर पगडीवाल्या शिखांवर हल्ले झालेले, निम्मे लोक एच-वन व्हिसावर, ग्रीन कार्डची फाइल अडकेल म्हणून सहीसुद्धा नको. त्यांना मी दोष देत नाही. मग मला एक गोष्ट सापडली जी ते करू शकत होते. २००१ च्या शिक्षण कायद्यात तरतूद होती की हायस्कूलनं मुलांची नावं, पत्ते, फोन सैन्याच्या भरतीवाल्यांना द्यायचे, पालकांनी लेखी नको कळवलं तरच नाही. गणपतीच्या कार्यक्रमात चपलांच्या रॅकशेजारी टेबल टाकून मी ते फॉर्म ठेवले. मोर्च्याला तीन जण यायचे, त्या दिवशी बेचाळीस फॉर्म भरून गेले. भाषण एकही केलं नाही.

आणि राजकारण्यांवर विसंबण्याची चूक. नोव्हेंबर २००६ मध्ये युद्धाला कंटाळलेल्या मतदारांनी डेमोक्रॅट्सना काँग्रेस दिली, आम्ही दारोदार फिरलो होतो. बुश यांनी परतीची तारीख असलेलं पहिलं विधेयक १ मे २००७ ला व्हेटो केलं आणि त्याच महिन्यात काँग्रेसनं तारखेविनाच युद्धाचे पैसे मंजूर केले. त्यानंतर आमच्या बुधवारच्या निदर्शनाला तीसचे नऊ जण उरले.

शेवटी सैन्य निघालं ते कशामुळे? नोव्हेंबर २००८ च्या करारात इराकी बाजूनं चिवटपणे तारखा घालून घेतल्या, जून २००९ पर्यंत शहरांतून आणि ३१ डिसेंबर २०११ पर्यंत देशातून बाहेर. पुढे अमेरिकेला काही हजार सैनिक ठेवायचे होते, पण इराकी राजकारण्यांपैकी जवळजवळ कुणीही त्या सैनिकांना इराकी कोर्टातून सूट द्यायला संसदेत हात वर करायला तयार नव्हतं, कारण निसूर चौक कुणी विसरलं नव्हतं. १८ डिसेंबर २०११ ला शेवटची तुकडी कुवेतमध्ये गेली. अमेरिकेनं कोर्टाची किल्ली मागितली आणि ती मिळेना म्हणून सैन्य गेलं. २०१४ मध्ये मोसुल शहर आयसिस या अतिरेकी संघटनेच्या हाती पडल्यावर अमेरिकन सैनिक परत आले, इराकी सरकारच्या बोलावण्यावरून, संख्येनं थोडे. ते आणि २००३ चं सैन्य मी एका मापानं मोजणार नाही, किल्ल्या बऱ्याचशा बगदादकडे होत्या. त्याच मोसुलमध्ये आपले ३९ मजूर पळवले गेले आणि ते मेल्याचं संसदेत सांगितलं गेलं ते २०१८ ला, हेही लक्षात असू द्या.

तुम्ही कुठल्या देशाबद्दल विचार करताय ते प्रश्नात लिहिलेलं नाही. कुठलाही असो, बाहेरच्या सैन्याचा तिथल्या सरकारशी काहीतरी करार झालेला असतो, तो मिळवा आणि सैनिकांवर खटला कुठे चालेल ते कलम आधी वाचा, कधी कधी ते शेवटच्या परिशिष्टात असतं. मग तिथल्या नर्सेसची, शिक्षकांची, बंदरातल्या कामगारांची संघटना आहे का ते शोधा आणि त्यांचा एक माणूस व्हिडिओ कॉलवर बोलवा, दुभाषा आधी ठरवून ठेवा, तासभर त्याला बोलू द्या आणि तुमची पत्रकं त्यानंतरच छापायला द्या.